एका भित्तिपत्रकाचा वाद

२९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिन. राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून तो देशभर साजरा होतो आणि त्या निमित्ताने शाळाशाळांतून ‘खेळ आणि आरोग्य’ या विषयावर भित्तिपत्रके लावली जातात. बहुतेक भित्तिपत्रके एकाच साच्यातून निघालेली असतात. मधोमध धावणारा एक गोरागोमटा मुलगा, एका बाजूला लाल सफरचंद, दुसऱ्या बाजूला दुधाचा पेला, वर उगवता सूर्य आणि खाली एखादे घोषवाक्य. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या निवासी शाळेत जे भित्तिपत्रक तयार झाले, ते या साच्यात बसले नाही. दोन तासिकांचे काम, त्याला तीन आठवडे लागले. त्यावरून शिक्षकदालनात वाद झाला, पालकसभेत झाला आणि एकदा तर विहाराच्या पायरीवरही झाला. त्या वादाची हकिकत या स्मरणिकेत यावी असे संपादक मंडळाने सुचविले, म्हणून हे लेखन.

वास्तविक हे काम चित्रकलेच्या आणि क्रीडाशिक्षकांचे. आमचा विषय इतिहास. परंतु मजकूर शुद्ध असावा म्हणून आम्हांस बोलावण्यात आले आणि एकदा बोलावल्यावर आम्ही गप्प बसणारे नव्हे, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको.

पहिली ठिणगी पडली ती पालकसभेत. भित्तिपत्रकासाठी मुलांचे दोन तास घेतले जाणार असे कळताच एक पालक उभे राहिले. गृहस्थ पाथर्डी तालुक्यातले, ऊसतोडीला जाणारे. ते म्हणाले, “सर, पोरगं आम्ही इथं शिकायला ठेवलंय. खेळायला गावात काय कमी जागा होती?” सभेत अनेकांनी माना डोलावल्या. त्या डोलणाऱ्या मानांमागे काय आहे, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना या प्रश्नाचे हसू येईल. आम्हांस आले नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात निघायचे आणि पाडव्याच्या आगेमागे परतायचे, असे ज्यांचे वर्ष असते, त्यांनी मुलाला वसतिगृहात ठेवणे ही एक प्रतिज्ञाच असते. त्या प्रतिज्ञेत कबड्डीला जागा नाही.

त्यातच आपल्या समाजाने अभ्यासाचे जे व्रत घेतले आहे, तेही आडवे येते. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपल्याकडे गावोगावी होतो. आपल्या शाळेतही होतो, आणि तो झालाच पाहिजे असे आमचे मत आहे. पण त्याच सभेत मागच्या रांगेतून आठवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, अठरा तास अभ्यास, सहा तास झोप. मग खेळायचे कधी?” गणित चोख होते. मुख्याध्यापकांनी आमच्याकडे पाहिले.

आम्ही त्या मुलाला आणि त्याच्या निमित्ताने पालकांना बाबासाहेबांच्या प्रकृतीची हकिकत सांगितली. आपल्या व्याख्यानांतून ती क्वचितच येते. ग्रंथांची थोरवी आपण सांगतो, पण त्या ग्रंथांसाठी शरीराने किती किंमत मोजली, हे सांगत नाही. राज्यघटनेचे काम चालू होते त्या काळात त्यांना मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने ग्रासले होते. १९४८ साली डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, त्यामागे प्रकृतीची काळजी घेणारे माणूस जवळ असावे हेही कारण होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला ते गेले. मध्ये आठ आठवडेही पूर्ण नव्हते. वय अवघे पासष्ट. धम्मदीक्षेनंतरची दहा वर्षे त्यांना मिळती, तर काय घडते, हा प्रश्न आम्ही वर्गात कधी विचारत नाही, कारण इतिहासात ‘जर-तर’ चालत नाही. त्या सभेत मात्र आम्ही तो विचारला. सभा शांत झाली. पाथर्डीचे ते पालक काही बोलले नाहीत, पण दोन तासांची परवानगी मिळाली.

मग प्रत्यक्ष काम सुरू झाले. चार फूट बाय तीन फूट पुठ्ठा, त्यावर ड्रॉइंग शीट, पोस्टर कलर, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि स्वयंपाकघरातून मागून आणलेली मैद्याची खळ. मुलांनी सवयीप्रमाणे आधी सफरचंद काढले. आम्ही विचारले, “हे आपल्या ताटात शेवटचे कधी आले होते?” कोणालाच आठवेना. मग ताटात येते काय, याची यादी फळ्यावर झाली आणि ती वाढतच गेली. बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, शेवग्याच्या शेंगा, तांदुळजा, पाथरीची भाजी, हरभऱ्याचा पाला, शेंगदाणे आणि गूळ. अंडे लिहावे की नाही यावर थोडी कुजबुज झाली. एका मुलीने ते लिहून टाकले आणि विषय संपला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरातल्या उपाहारगृहांतून बाजरीला एकदम मान आला. आमच्या लहानपणी डब्यात भाकरी असली की पोरे ती झाकून खात. चपाती असलेला डबा तेवढा उघडा राही. असो. सफरचंदावर पांढरा रंग फिरला आणि तेथे बाजरीचे कणीस आले. चित्रकलेच्या शिक्षकांना कणीस काढणे जड गेले, पण मुलांना गेले नाही.

आहाराच्या त्याच कोपऱ्यात संयुत्त निकायातली पसेनदी राजाची गोष्ट चित्ररूपाने द्यावी, ही सूचना वसतिगृहाच्या अधीक्षकांची. कोसलाचा हा राजा भरपेट जेवून धापा टाकत तथागतांसमोर येऊन बसला. त्याची अवस्था पाहून तथागतांनी मिताहारावर एक गाथा सांगितली. राजाने सोबतच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की रोज म्हणून दाखव, असे फर्मावले. राजा हळूहळू सडसडीत झाला. मुलांना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी राजाचे पोट प्रमाणापेक्षा जास्त मोठे काढले. आम्हांस मात्र एक गोष्ट खटकली आणि ती आम्ही बोलून दाखविली. राजाला ‘कमी खा’ सांगणारा उपदेश ज्यांच्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढले, त्यांच्या नातवंडांच्या भिंतीवर तसाच चिकटवणे बरोबर नाही. म्हणून राजाच्या शेजारी एक विहीर आली.

ती विहीर, खरे तर ते बोअरवेल, आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडचे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पुढे १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावोगावच्या अल्पशिक्षित, बहुधा अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांना, त्यांत दलित स्त्रियाही आल्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण सुखरूप कसे करावे, हगवणीत पाणी, मीठ आणि साखर कशी द्यावी, हे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी बोअरवेल घ्यायची वेळ आली, तेव्हा त्या दलित वस्तीत घेण्याचा आग्रह या डॉक्टरांनी धरला. पाणी हवे असेल तर साऱ्या गावाने तेथे यावे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तोवर चार तपे होत आली होती. महाडला आपण तळ्यावर गेलो. जामखेडच्या त्या गावांत गाव आपल्या वस्तीत आले, आणि ते रोगराई कमी व्हावी म्हणून. ‘स्वच्छ पाणी प्या’ हे वाक्य भित्तिपत्रकावर लिहिणे सोपे आहे. ते पाणी कोणत्या आळीत आहे, हे लिहिणारे भित्तिपत्रक आम्ही आजवर पाहिले नव्हते. आता आपल्या भोजनगृहात आहे.

व्यायामाच्या चौकटीत मात्र आम्ही सारे शिक्षक निरुत्तर झालो. क्रीडाशिक्षकांनी ‘रोज तीस मिनिटे व्यायाम’ असा मथळा सुचविला होता. त्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, माझी आई पहाटेपासून मोळ्या उचलून ट्रकमध्ये भरते. शिडीवरून चढते. तिचा रोज व्यायाम होतो का?” प्रश्न खोडसाळ नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. क्रीडाशिक्षक म्हणाले, “होतो ना.” मुलगी म्हणाली, “मग तिची कंबर का दुखते?”

आम्हांस वाटते, त्या तीन आठवड्यांत आमच्या हाती काही लागले असेल तर ते या प्रश्नातून. श्रम आणि खेळ दोन्हींत घाम येतो, दोन्हींत श्वास फुलतो. पण श्रमात थांबायचे केव्हा, हे मुकादम ठरवतो; खेळात ते आपण ठरवतो किंवा पंचाची शिट्टी ठरवते, जी दोन्ही बाजूंना सारखीच लागू असते. आपल्या मागच्या पिढ्यांना अंगमेहनतीचा तोटा कधीच नव्हता. गावकीची कामे, मेलेली गुरे ओढणे, सरपण फोडणे, निरोप घेऊन कोस कोस धावणे, हे सारे होते. नव्हते ते खेळणे. मैदान, त्यावरची मोकळी वेळ आणि हरलो तरी कोणी मारणार नाही अशी हमी, यांतले काहीच नव्हते. म्हणून ‘आम्ही खेळतो’ हे वाक्य आपल्या मुलांनी लिहिणे आणि मुंबईच्या एखाद्या जिमखान्याच्या मुलांनी लिहिणे, या दोहोंत फरक आहे. जुन्या विद्यार्थ्यांना आपल्या मैदानावरचा दगड वेचण्याचा तास आठवत असेल. शनिवारी सकाळी रांगेने बसून मुरमातून दगड वेचायचे आणि कुंपणाकडे टाकायचे. त्याचा तुम्हांला कंटाळा येई. ते मैदान मात्र त्या दगडांखालून निघाले आहे.

मुलींनी आणखी एक चौकट मागून घेतली. शाळेत दर आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची जी निळी गोळी मिळते, ती कितीजणी गुपचूप टाकून देतात, हे त्यांनी स्वतःच सांगितले आणि गोळीचे चित्र काढून खाली ‘टाकू नका’ असे लिहिले. पाळीच्या दिवसांतही बरे वाटत असेल तर खेळता येते, हे वाक्य त्यांनी आमच्या शिक्षिका भगिनींना विचारून लिहिले. पुरुष शिक्षकांपैकी एकदोघे जरा खाकरले. वाक्य राहिले.

आता मुख्य वादाकडे येतो. भित्तिपत्रकाच्या मध्यभागी एका खेळाडूचे छायाचित्र लावायचे, हे आधीपासून ठरले होते. कोणाचे, यावर मतदान घेतले. मुलांचा कल अर्थातच आपल्या जिल्ह्याकडे. अजिंक्य रहाणे यांचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाला हरवणाऱ्या संघाचे ते कर्णधार. झहीर खान श्रीरामपूरचे. मुलींनी प्रियांका इंगळे यांचे नाव लावून धरले; त्या वर्षीच्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलींनी तो त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकला होता. क्रीडाशिक्षक खाशाबा जाधवांचे भक्त. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल. त्यांचा १५ जानेवारी हा जन्मदिन आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. नावे सगळीच उत्तम. आम्ही आणखी एक सुचविले, जे मुलांपैकी कोणीही ऐकले नव्हते. पालवणकर बाळू.

बाळू १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मले. वडील लष्करी नोकरीत. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये, अशी त्यांची सुरुवात. १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले आणि पगार एका रुपयाने वाढला. तेथे जाळ्या उभारायच्या, खेळपट्टी आखायची, आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा गोलंदाजी करायची. कॅप्टन ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेई. बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. डावखुऱ्या बाळूंची फिरकी त्यातूनच घडली. परंतु पूना क्लबात त्या साऱ्या वर्षांत त्यांच्या हाती एकदाही बॅट देण्यात आली नाही. गोलंदाजी म्हणजे श्रम, फलंदाजी म्हणजे खेळ, अशी ती विभागणी होती. आमच्या सातवीतल्या त्या मुलीला हे ऐकताना काहीच समजावून सांगावे लागले नाही.

पुढे पुण्याच्या हिंदूंच्या संघाला इंग्रजांना हरवायचे होते, तेव्हा बाळूंना घ्यावे की नाही यावर खल झाला आणि शेवटी घेतले. मैदानावर सारे त्यांच्यासोबत खेळत. चहापानाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीच्या कपबशा तंबूत, आणि बाळूंना तंबूबाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे टेबल वेगळे. तोंड धुवायचे तर पाणी आणून देणाराही अस्पृश्य गडी. १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले, आणि त्या वर्षी संघ विजयी झाला. विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत आहे. ज्यांना मिळेल त्यांनी वाचावे.

हे सांगून आम्ही थांबलो, तेव्हा सहावीतल्या एका मुलाने हात वर केला. “सर, कपाला शिवत नव्हते, मग चेंडूला सगळे कसे शिवत होते?”

इतिहासाच्या एम.ए.ला आम्हांस जे विचारले गेले नाही, ते त्या पोराने विचारले. बाळूंच्या हातून चेंडू यष्टिरक्षकाकडे, तेथून स्लिपकडे, तेथून पुन्हा बाळूंकडे. दिवसभर तो साऱ्या हातांतून फिरे. आणि चेंडू कशाचा? चामड्याचा. ते कातडे कोणी कमावले असेल, शिवण कोणी घातली असेल? मैदानाच्या दोरीच्या आत विटाळ नव्हता, कारण आत जिंकायचे होते. दोरीच्या बाहेर पाऊल टाकताच तो परत येई. विटाळाचा धर्माशी संबंध किती आणि सोयीशी किती, याचे एवढे स्वच्छ उदाहरण आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. मतदान पुन्हा घ्यावे असा मुलांनीच आग्रह धरला. बाळू निवडून आले.

पण बाळूंची निवडणूक म्हटली की आणखी एक निवडणूक आठवते, आणि ती आठवणारे गृहस्थ आपल्याच परिसरात होते. समता सैनिक दलात तरुणपण घालविलेले, आता ऐंशी ओलांडलेले. सारे त्यांना आबा म्हणतात. रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या पायरीवर त्यांनी आम्हांस थांबवले.

“सर, बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला हा माणूस. अन् तुम्ही त्याला आपल्या भिंतीवर लावता व्हय?”

आबांचे म्हणणे खरे होते. १९३२ साली संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिलेल्यांत बाळू होते. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे बाबासाहेब मुंबईत उभे राहिले, तेव्हा काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंनाच उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. ज्यांना आपल्याच माणसाच्या विरुद्ध वापरून घेण्यात आले, त्यांची यादी आपल्याकडे लांब आहे आणि बाळूंचे नाव त्यात बरेच वर आहे. यातले काहीही आम्ही आबांपुढे नाकारले नाही. राजकारणात बाळू चुकले, असेच आमचेही मत आहे.

आम्ही एवढेच म्हणालो, “आबा, त्यांनी १९३७ साली जे केले ते त्यांचे. पण तंबूबाहेरचा चहा त्यांनी एकट्याने प्यायला नाही. तो आपल्या सगळ्यांचा होता. बाबासाहेबांच्या विरोधात गेले म्हणून तोही चहा पुसायचा का? मग तो ज्यांनी दिला, ते सुटतील.”

शिक्षकदालनात यावर वेगळे मत होते, आणि तेही येथे नोंदवले पाहिजे. आमचे एक तरुण सहकारी म्हणाले की, मुले लहान आहेत, त्यांना नायक स्वच्छ हवा. गुंतागुंत पुढे महाविद्यालयात कळेल. हा युक्तिवाद आम्ही तीस वर्षे ऐकतो आहोत. पुढे महाविद्यालयात ती मुले इतिहास घेत नाहीत, हा आमचा अनुभव. जे काय कळायचे ते आठवीपर्यंतच.

आबा बराच वेळ काठीने पायरीवर रेघा ओढत बसले. मग त्यांनी स्वतःच्या गावच्या हॉटेलाची गोष्ट सांगितली. वळचणीला आपला कप वेगळा ठेवलेला असे. आपणच घ्यायचा, वरून चहा ओतला जाई, प्यायचा, आपणच विसळायचा आणि पुन्हा वळचणीला. पैसे मात्र हातात न घेता ओट्यावर ठेवायचे. “कान तुटला होता त्याचा,” आबा म्हणाले. “बारा वर्सं तोच कप.” दुसऱ्या दिवशी ते भित्तिपत्रक पाहायला शाळेत आले. जवळ गेले, चष्मा वर करून पाहिले आणि चित्रकलेच्या शिक्षकांना म्हणाले, “कप लईच बारीक काढलाय पोरांनी. मोठा काढा. लांबून दिसला पाहिजे.”

त्यामुळे आजच्या भित्तिपत्रकाची रचना जरा विचित्र झाली आहे, हे मान्य. मध्यभागी खेळाडू नसून मातीचे एक भांडे आहे आणि त्याच्या शेजारी तेवढाच मोठा लाल चेंडू. बाळूंचे छायाचित्र उजवीकडे वर, १९११ च्या चमूच्या जुन्या छायाचित्रावरून छापलेले, बरेच धूसर. त्याखाली मुलांनी चार ओळी लिहिल्या आहेत. पहिल्या तीन ओळींत तीन रुपये पगार, आठ बळी आणि ११४ बळी. चौथ्या ओळीत, ‘१९३७ च्या निवडणुकीत यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विरुद्ध उमेदवारी केली व ते पराभूत झाले.’ ही ओळ कोणत्या रंगात लिहावी यावर शेवटचे भांडण झाले. निळ्या रंगात लिहिली गेली. डावीकडे बाजरीचे कणीस, फुगलेला पसेनदी, बोअरवेल आणि तिच्या भोवती सगळ्या आळ्यांच्या बायका. खाली मुलींची चौकट आणि खो-खोचा खांब. ‘रोज तीस मिनिटे व्यायाम’ हा मथळा काढून तेथे ‘रोज एक तास मैदानावर’ असे लिहिले, आणि संध्याकाळी पाच ते सहा कोणत्याही वर्गाचा जादा तास घेऊ नये, असे मुख्याध्यापकांनी परिपत्रक काढले. गणिताच्या शिक्षकांची त्यावर अजून नाराजी आहे.

दिवाळीत ऊसतोडीला जाण्यापूर्वी पाथर्डीचे ते पालक मुलाला भेटायला आले होते. मुलाने त्यांना भोजनगृहात नेऊन सारे दाखवले. त्यांनी बोअरवेलपाशी बोट ठेवून, “ही कुठली?” एवढेच विचारले. मग पाच वाजता मैदानाच्या कडेला बसून त्यांनी मुलाचा कबड्डीचा डाव पाहिला. मुलगा दोनदा बाद झाला.

भोजनगृहाच्या त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि मैद्याची खळ झुरळांना आवडते. भित्तिपत्रकाचा खालचा कोपरा आत्ताच सुटू लागला आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाचे चौकटी करण्याचे दुकान असल्यास कार्यालयात कळवावे. माप चार फूट बाय तीन फूट. काच नको, प्लास्टिक चालेल, कारण शेजारीच मुले चेंडू घेऊन उभी असतात.